क्वांटम ऑफ सॉलेस: बाँडला शोक करायला वेळच दिला नाही

निळीशाई

काल 'कसिनो रोयाल' (२००६) आणि 'क्वांटम ऑफ सॉलेस' (२००८) एकामागून एक, मध्ये न उठता पाहिले. दुसरा पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा मी चिडून बाहेर पडले होते. काल चीड आली नाही, हळहळ वाटली. म्हणून हा धागा. (दोन्ही पाहिले नसतील तर इथेच थांबा, पुढे सगळं कथानक उघड केलं आहे.)

पहिल्या भागाचा शेवट आठवा. व्हेनिसमध्ये पाण्यात कोसळणाऱ्या घरात बाँडची प्रेयसी व्हेस्पर बुडते. लिफ्टचा पिंजरा ती स्वतःच आतून बंद करते आणि बाँड बाहेरून गज उपसत राहतो. तिने दगा दिला हे त्याला कळलेलं आहे, तरी हात सुटत नाहीत. नंतर फोनवर एमशी, म्हणजे त्याच्या वरिष्ठ बाईशी, बोलताना तो तिच्याबद्दल कोरडेपणाने बोलतो आणि एम त्याला सांगते की तुझा जीव वाचावा म्हणून तिने सौदा केला होता. त्याआधीच्या वीस चित्रपटांत या माणसाला असं लागलेलं आपण पाहिलंच नव्हतं. आणि ती जखम उघडी असतानाच चित्रपट संपला.

पुढचा भाग तिथून जेमतेम तासाभराने सुरू होतो. मालिकेत आधीच्या गोष्टीचं बोट धरून थेट पुढे जाणारा हा पहिलाच चित्रपट. व्हेस्परमागच्या संघटनेतला मिस्टर व्हाइट गाडीच्या डिकीत, म्हणजे संताप, अपराधीपणा, दुःख, सगळं ताजं. याहून चांगली सुरुवात कोणत्या लेखकाला मिळते? आणि मग होतं काय, तर गार्दा तळ्याकाठी गाड्या, सिएनात छपरं, हैतीत बोटी, बोलिव्हियात विमान. एक पाठलाग संपतो न संपतो तोच दुसरा. पहिला १४४ मिनिटांचा होता, हा १०६ मिनिटांचा, मालिकेतला सर्वांत आखूड.

आखूड असण्याला माझी हरकत नाही. माझं म्हणणं इतकंच की या चित्रपटाकडे शोकाची गोष्ट होती आणि ती दाखवायला त्याला धीर धरवला नाही. कारण जिथे धीर धरला तिथे तो पहिल्या भागाच्या तोडीचा आहे. विमानातला बार आठवतोय? रात्र झालेली, बाँड एकटा पीत बसलाय. त्याचा जुना साथीदार मॅथिस विचारतो, काय पितोयस? त्याला सांगता येत नाही. मग बारवाला एकेक घटक सांगायला लागतो आणि आपल्याला कळतं की हे तेच पेय, जे बाँडने पहिल्या भागात स्वतः रचलं आणि ज्याला व्हेस्परचं नाव दिलं. सहा पेले झालेत. तिचं नाव काही तो तोंडातून काढत नाही. डॅनियल क्रेगचं या चित्रपटातलं सर्वांत चांगलं काम एवढ्याशा प्रसंगात आहे, आणि तिथे तो नुसता बसलेला आहे.

अशी आणखी पाच मिनिटं असती तरी पुरे होतं, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट

अगदी सहमत. मी फक्त मारामारी आणि पाठलागांबद्दल बोलतो, कारण माझा जीव त्यातच असतो.

सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग मी काल परत लावून बघितला. पुढे कोण आहे, मागे कोण आहे, बोगद्यात कोणत्या गाडीला धडक बसली, हे पहिल्या खेपेला कळतच नाही. डोळा एका जागी टेकायच्या आत चित्र बदललेलं असतं. याचं कारणही उघड आहे. त्या सुमारास बोर्न या दुसऱ्या हेराच्या चित्रपटांनी सगळ्यांना वेड लावलं होतं. २००७ च्या 'द बोर्न अल्टिमेटम'ला संकलनाचं ऑस्कर मिळालं. 'क्वांटम'च्या दोन संकलकांपैकी रिचर्ड पिअर्सन हे बोर्नच्या दुसऱ्या भागाचे एक संकलक, आणि साहसदृश्यांच्या दुसऱ्या पथकाचे दिग्दर्शक डॅन ब्रॅडली तर थेट बोर्नकडूनच आलेले. माणसं तीच, हत्यारं तीच. मग तिथे जमलं ते इथे का नाही?

माझं उत्तर असं. 'अल्टिमेटम'मधला वॉटर्लू स्टेशनचा प्रसंग घ्या. गर्दीत एक पत्रकार अडकलाय आणि बोर्न त्याला फोनवरून सांगतोय, आता थांब, आता वाक, आता चाल. तुकडे कितीही छोटे असले तरी या क्षणी कोणाला काय हवंय हे आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणून डोळा चुकला तरी मन चुकत नाही. सिएनात मात्र बाँड ज्याच्या मागे धावतोय त्या माणसाला आपण नुकतंच पाहिलेलं असतं. एमचा अंगरक्षक फितूर निघाला ही खरं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! तो धक्का पचायच्या आत आपण भुयारात, मग पालिओ या तिथल्या घोड्यांच्या शर्यतीत, मग कौलांवर. मध्येमध्ये घोडे दाखवतात, पण घोड्यांचा या पाठलागाशी शेवटपर्यंत काही संबंध येत नाही.

उलट 'कसिनो रोयाल'मधला मादागास्करचा पाठलाग. पुढचा माणूस एका चिंचोळ्या फटीतून मांजरासारखा सुळकन निघून जातो आणि मागून बाँड ती भिंतच फोडून आरपार येतो. एका क्षणात कळलं की हा बाँड कसा आहे. मार्टिन कँपबेल यांनी धावण्यातून माणूस उभा केला. साहसदृश्याचं खरं काम हेच, असं मी मानतो.

दुसराअंक

दोघांचंही पटतंय, पण दोष कोणाच्या पदरात टाकायचा ते जरा सांभाळून ठरवूया. या चित्रपटाला मोडक्या पायाने पळावं लागलं आहे.

अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला. चित्रीकरण जानेवारी २००८ मध्ये सुरू झालं. पॉल हॅगिस यांनी आपला खर्डा संपाच्या अगदी तोंडावर हातावेगळा केला. म्हणजे चित्रपट उभा राहत असताना, जेव्हा रोज सकाळी कोणीतरी लेखक सोबत असावा लागतो, तेव्हा नेमकं कोणीच नव्हतं. खुद्द क्रेगने नंतर मुलाखतीत सांगितलं की हाती पटकथेचा नुसता सांगाडा होता आणि तो आणि दिग्दर्शक मिळून प्रसंग दुरुस्त करत होते.

आता विचार करा, पाठलागाला संवाद लागत नाहीत. छपरावरून उडी मारायला लेखक लागत नाही. लागतो तो दोन माणसं खोलीत बसून बोलतात तेव्हा. त्यामुळे निळीशाई म्हणतात ती पाच मिनिटं का नाहीत, याचं मला सरळ उत्तर दिसतं. ती लिहायला कोणी नव्हतं.

आणि दिग्दर्शक मार्क फोर्स्टर हा काही नुसता धूमधडाका करणारा माणूस नव्हे. 'मॉन्स्टर्स बॉल' आणि 'फाइंडिंग नेव्हरलँड' त्याचेच. दोन्हींत माणसं जवळचं कोणी गमावून बसलेली आहेत आणि कॅमेरा त्यांच्यापाशी शांत थांबतो. या विषयाला याहून योग्य दिग्दर्शक मिळाला नसता. म्हणूनच जास्त लागतं.

खारावारा

मी वेगळी बाजू मांडते. मला हा चित्रपट आवडतो, आणि दर वेळी थोडा जास्त आवडतो.

पहिलं, खलनायकाचा डाव. डॉमिनिक ग्रीन पर्यावरणाच्या नावाखाली बोलिव्हियातली वाळवंटी जमीन मागतो. सगळ्यांना वाटतं तेलासाठी. खरं तर तो पाणी अडवतो आणि मग तेच पाणी देशाला दामदुप्पट भावाने विकणार असतो. अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली की हा काय डाव, ना उपग्रह ना अण्वस्त्रं. पण हे हवेतून आलेलं नाही. १९९९ मध्ये बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा ४० वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीसमूहाकडे गेला, दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. पाण्यासाठी लढलेल्या लोकांची आठवण बाँडपटात यावी, ही मला मोठी गोष्ट वाटते. जमिनीखाली अडवलेलं ते काळं, निश्चल पाणी आणि वर घागरी घेऊन कोरड्या नळाकडे बघणारी माणसं, ही दोन चित्रं माझ्या मनातून जात नाहीत.

दुसरं, कामील. ओल्गा कुरिलेंकोने साकारलेली ही बाई बाँडच्या मिठीत विरघळण्यासाठी नाही. तिला तिच्या कुटुंबाचा जीव घेणारा जनरल हवाय. लहानपणी तिचं घर जळताना तिने पाहिलंय, आणि शेवटी वाळवंटातलं हॉटेल पेटतं तेव्हा ती आगीसमोर गोठून जाते. बाँड तिला कवेत धरून बसतो. दोघं संपूर्ण चित्रपटात शय्यासोबत करत नाहीत. दोन दुखावलेली माणसं शेजारी बसलीत, एवढंच. निळीशाई, तुम्ही म्हणता तसा धीर इथे आहे की नाही?

आणि १०६ मिनिटं ही मला तक्रार वाटत नाही. संतापलेला माणूस थांबत नाही. तो थांबला की कोसळेल, म्हणून चित्रपटही थांबत नाही.

निळीशाई

खारावारा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. थांबला की कोसळेल. हे मला सुचलं नव्हतं आणि ते बरोबर आहे.

पण मग मला तो कोसळण्याच्या बेतात आलेला दिसायला हवा ना? धावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला मिळालं तर कळेल की हा कशापासून पळतोय. इथे चेहरा दिसेपर्यंत चित्र बदलतं. कामीलबद्दल मात्र मी हार मानते. पेटत्या खोलीतला तो प्रसंग काल माझ्या नजरेतून निसटला होता, बहुतेक त्याआधीच्या गडगडाटाने मी थकले होते. नंतर गाडीत ती विचारात पडलेली असते की सूड तर झाला, आता पुढे काय, आणि तो सांगतो की मेलेल्यांना सुडाशी काही देणंघेणं असेल असं वाटत नाही. तिच्याशी बोलताना तो स्वतःलाच सांगतोय. हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

पाण्याचा डावही मला आवडतो. मात्र तो डाव कळतो फार उशिरा, आणि ज्यांचं पाणी गेलं ती माणसं तुम्ही म्हणता त्या एका प्रसंगापुरतीच येतात.

जुनापडदा

निळीशाईताई, एक दुरुस्ती. त्याआधीच्या वीस चित्रपटांत बाँडला असं लागलेलं नव्हतं, हे खरं नाही. १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'. जॉर्ज लेझनबीचा एकमेव बाँडपट. तो ट्रेसीशी लग्न करतो, दोघं गाडीने निघतात, वाटेत गोळीबार होतो आणि ती जागच्या जागी जाते. तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि चित्रपट तिथेच संपतो. मी तो तरुणपणी पाहिला, तेव्हा सभागृहात कोणी उठेना.

आता त्याचा पुढचा भाग बघा. १९७१ चा 'डायमंड्स आर फॉरेव्हर'. शॉन कॉनरी परत आला. सुरुवातीला तो ट्रेसीच्या खुनामागच्या ब्लोफेल्डला शोधत देशोदेशी माणसं बडवत फिरतो खरा, पण ट्रेसीचं नावसुद्धा कोणी काढत नाही. काही मिनिटांत ते खातं बंद आणि पुढे हिऱ्यांची हलकीफुलकी गोष्ट. तिची कबर आपल्याला दिसली ती थेट १९८१ मध्ये, 'फॉर युअर आइज ओन्ली'च्या सुरुवातीला, रॉजर मूर फुलं घेऊन येतो तेव्हा. बारा वर्षं!

म्हणजे या मालिकेला दोनदा खऱ्या दुःखाची गोष्ट मिळाली आणि दोन्ही वेळा पुढच्या चित्रपटात ती हातची गेली. १९७१ मध्ये दुःखाकडे पाठ फिरवली. २००८ मध्ये निदान त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचा प्रयत्न तरी झाला, एवढं श्रेय मी 'क्वांटम'ला देईन.

रानवाट

जुनापडदा, हे दोन चित्रपट मी कधी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. फार आभार.

ओढणी

लेख आणि चर्चा दोन्ही आवडलं. एक भर घालते, कारण नावाबद्दल कोणी बोललं नाही.

हे नाव इयन फ्लेमिंगच्या एका लघुकथेचं आहे, १९६० च्या संग्रहातली. तिच्यात एक गोळी सुटत नाही. नासाऊमध्ये जेवणं आटोपल्यावर गव्हर्नर बाँडला एका जोडप्याच्या मोडलेल्या संसाराची हकीकत सांगतो, आणि बाँड ऐकत बसतो, बस्स. गव्हर्नरचा सिद्धांत असा की दोन माणसांच्या नात्यात दिलाशाचा काही एक किमान अंश उरलेला असतो तोवर ते टिकतं. तो शून्यावर आला की प्रेम मेलं. तो अंश म्हणजे हे शीर्षक.

व्हेस्पर गेल्यावर बाँडकडे तो अंश उरलाय का, हा किती नेमका प्रश्न होता! चित्रपटात मात्र 'क्वांटम' हे गुन्हेगारी संघटनेचं नाव झालं. एवढा सुंदर शब्द हाताशी असून तो पाटीसारखा वापरला, याचं मला चित्रपटातल्या कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त वाईट वाटतं.

दुसराअंक

ओढणी, उत्तम. कथेत बाँड नुसता ऐकतो हे वाचून विमानातला बार परत आठवला. तिथेही तो असाच बसलेला आहे.

आता मला ऑपेराबद्दल बोलायचं आहे, कारण या चित्रपटावर बोलायचं आणि ब्रेगेन्झ टाळायचं हे शक्य नाही. ऑस्ट्रियात कॉन्स्टन्स तळ्यावरचा तरंगता रंगमंच, 'तोस्का'चा खेळ, मागे अवाढव्य डोळा. तो डोळा चित्रपटासाठी बांधलेला नव्हे, तिथल्या महोत्सवातल्या खऱ्या प्रयोगाचाच होता. प्रेक्षकांत विखरून बसलेले संघटनेचे लोक कानातल्या यंत्रातून बैठक चालवतायत. बाँड मध्येच तोंड उघडतो, माणसं घाबरून उठायला लागतात, आणि उठला तो सापडला. फक्त मिस्टर व्हाइट जागचा हलत नाही. एका माणसाच्या न हलण्यातून त्याची सगळी हुशारी कळते. मग गोळीबार सुरू होतो तेव्हा गोळ्यांचे आवाज काढून टाकलेत. वर रंगमंचावर खून, खाली खरे खून, आणि कानावर फक्त संगीत.

हाच दिग्दर्शक, हेच संकलक. आणि इथे तुकडे छोटे असूनही काहीच हरवत नाही, कारण आधी सगळ्यांना आपापल्या जागी बसवून घेतलं आहे. रानवाट, तुमच्या वॉटर्लूच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

रानवाट

पूर्ण मान्य. मालिकेतल्या उत्तम प्रसंगांत मी ब्रेगेन्झला फार वर ठेवतो. म्हणूनच त्यानंतरची विमानांची झटापट आणि जमिनीला टेकता टेकता उघडणारं ते पॅराशूट पाहून जीव खाली येतो. ते दुसऱ्याच कुठल्या चित्रपटातून आल्यासारखं वाटतं.

खारावारा

मॅथिसबद्दल बोलूया का? तो बाँडच्या हातात मरतो. मरता मरता सांगतो की व्हेस्परला माफ कर आणि स्वतःलाही कर. बाँड त्याला घट्ट धरून असतो. आणि मग उचलून कचऱ्याच्या पेटीत ठेवतो, पाकिटातले पैसे काढून घेतो. कामील हादरते, तर हा म्हणतो, त्याला काही वाटलं नसतं.

मला हा प्रसंग ग्रेट वाटतो. माझ्या भावाला तो अक्षम्य वाटतो. आमचं यावरून अनेकदा वाजलंय.

निळीशाई

मी तुमच्या भावाच्या बाजूने होते, काल थोडी सरकले. आधी केवढा वेळ तो त्याला धरून बसतो ते पाहिलं. तेवढी माया दाखवल्यावरच ती पेटी सहन होते. किंवा होत नाही, पण तो असा का वागतो ते समजतं.

फील्ड्सच्या बाबतीत मात्र माझं मन वळत नाही. जेमा आर्टर्टनची ती कारकून मुलगी, तिचं काम एवढंच की बाँडला लंडनच्या पुढच्या विमानात बसवायचं. तिचं प्रेत तेलात माखून पलंगावर ठेवलेलं. 'गोल्डफिंगर'मधल्या सोन्याच्या मुलीची आठवण म्हणून ते चित्र रचलंय हे कळतं, आणि एम बाँडला जे सुनावते तेही रास्त आहे. पण इथे ती मुलगी आठवणीचं साधन होऊन राहते. त्या मुलीसाठी बाँडने अर्धा मिनिट तरी खाली बसायला हवं होतं.

जुनापडदा

शेवटाबद्दल कोणी लिहिलं नाही. कझानमधला बर्फ. ज्याने व्हेस्परला जाळ्यात ओढलं तो युसुफ तिथे दुसऱ्या एका बाईला तसाच फसवतोय. बाँड त्याला मारत नाही. बाहेर येतो, एमशी दोन शब्द बोलतो, व्हेस्परचा गळ्यातला दागिना बर्फात टाकून चालू लागतो. आणि बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड गोळी झाडतो ते प्रसिद्ध दृश्य, जे नेहमी सुरुवातीला असतं, ते इथे शेवटी. माझ्या मते हा फार चांगला शेवट आहे. तिथवर नेणारा रस्ता कच्चा आहे, एवढंच.

पुढे 'स्पेक्टर'ने (२०१५) क्वांटम संघटना ब्लोफेल्डच्या पोटात घालून टाकली आणि व्हेस्परचं मरणही त्याच्याच खात्यावर मांडलं. ते मला 'क्वांटम'च्या सगळ्या दोषांहून जास्त खटकलं. एका बाईने स्वतः दार बंद केलं होतं. ते दुसऱ्याच कोणाचं कारस्थान ठरवलं.

ओढणी

जुनापडदा, शेवटच्या दोन वाक्यांसाठी +१. निवड तिची होती.

निळीशाई

जुनापडदा, हे वाचून रात्री 'नो टाइम टु डाय'चा (२०२१) पहिला अर्धा तास परत लावला, कारण व्हेस्परची कबर तिथे आहे. मातेराच्या टेकडीवर. बाँड एकटा जातो, समाधीपाशी बसतो, तुझी आठवण येते असं म्हणतो आणि एक चिठ्ठी जाळतो. तिच्यावर माफी मागितलेली आहे. मॅथिसने मरताना जे सांगितलं होतं, तेच. पडद्यावर मध्ये दोन चित्रपट गेले आणि आपल्या हिशोबाने तेरा वर्षं.

मी श्वास रोखून बघत होते की आता तरी त्याला बसू देतील. तेवढ्यात त्याला कबरीपाशी ठेवलेलं ब्लोफेल्डच्या संघटनेचं कार्ड दिसतं, आणि स्फोट होतो.